फेटा परत द्या: आमच्या ढोल-ताशा पथकाच्या कार्यकारिणीला खुले पत्र

आदरणीय पथकप्रमुख दादा आणि कार्यकारिणीतल्या सगळ्या ताई-दादांनो,

सप्रेम नमस्कार.

गेल्या सोमवारी रात्री पावणेअकराला पथकाच्या ग्रुपवर ‘गणवेश नियमावली’ आली. मी दुसऱ्या दिवशीच्या डब्यासाठी गवार मोडत बसले होते. चौदा नियम, त्यातले अकरा फक्त मुलींसाठी. शेवटी एक ओळ होती, ‘निर्णय अंतिम आहे, चर्चा नको.’ दोन मिनिटांत ग्रुपवर फक्त ॲडमिननाच लिहिता येईल अशी सोयही झाली.

अकरा वर्षं ज्या पथकात ढोल वाजवते तिथे मला बोलायला जागा उरली नाही, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे. पथकाचं नाव घेणार नाही, माणसाचंही घेणार नाही. मला कुणाची बदनामी करायची नाही. दुसऱ्या पथकांतल्या मैत्रिणींशी बोलले तेव्हा कळलं की थोड्याफार फरकाने असेच नियम त्यांच्याकडेही येऊ घातलेत. त्यामुळे हे पत्र त्यांच्या कार्यकारिणींनीही वाचावं, आणि आपल्याला सुपारी, म्हणजे मिरवणुकीत वाजवायचं काम, देणाऱ्या गणेश मंडळांनीही.

आधी एक स्पष्ट करते. मी शिस्तीच्या विरोधात नाही. चार वर्षं मीच गणवेश विभाग सांभाळला आहे. वादनाच्या दिवशी टेम्पोजवळ उभं राहून एकेकाचं उपरणं, सलवार, पायातलं बघणारी मीच होते. सदऱ्याखाली जीन्स घालून आलेल्यांना मी परत पाठवलंय. एका वर्षी एक मुलगा रात्रपाळी करून नालासोपाऱ्याहून थेट आला. घाईत त्याचं उपरणं घरी राहिलं होतं. नियम म्हणजे नियम म्हणून मी त्याला लायनीत उभं राहू दिलं नाही. तो पाच तास आमच्या पाण्याच्या बाटल्या हातात घेऊन पथकाबरोबर चालत राहिला. पुढच्या वर्षी तो आलाच नाही. ती माझी चूक होती आणि ती मला अजून टोचते. टेम्पोत चार उपरणी जास्तीची ठेवली असती तर एक वादक वाचला असता. गणवेशाचा नियम माणसाला आत घेण्यासाठी असतो, बाहेर ठेवण्यासाठी नाही, हे मला त्या मुलाने शिकवलं.

आता माझं या गणवेशाशी नातं काय ते सांगते, कारण आज कार्यकारिणीत असलेल्या निम्म्या लोकांना ते माहीत नसेल.

माझे आजोबा लालबागच्या एका गिरणीत साचेवाले, म्हणजे मागावर कापड विणणारे होते. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि त्यानंतर त्यांच्या हातात साचा परत आला नाही. आजीने शिलाई मशीन घेतलं, तिच्याकडून ते आईकडे आलं. मी स्वतः आज कापड तपासणीच्या प्रयोगशाळेत नोकरी करते. कापड आमच्या घरात तीन पिढ्या आहे. आणि आपल्या पथकाचे पहिले चाळीस सदरे आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत माझ्या आईने शिवले आहेत.

त्या सदऱ्यांची एक गोष्ट आहे. आईने पहिला नमुना शिवला तो नेहमीच्या कुडत्यासारखा. मला गॅलरीत उभं केलं, हातात टिपरू, म्हणजे ढोल वाजवायची काठी दिली, कमरेला खुर्चीची उशी बांधली आणि म्हणाली, “हात वर घे. आता मार.” तिसऱ्या घावाला काखेत टर्रकन उसवलं. आईने सदरा काढून घेतला, मांडीवर पसरला आणि बराच वेळ नुसती बघत बसली. मग कात्रणातून चार बोटं रुंद चौकोनी तुकडा कापला आणि तिरपा करून काखेत बसवला. त्याला चौबगळा म्हणतात. जुन्या बंडीला, पैरणीला असायचा. दुकानातल्या कुडत्याला तो नसतो, कारण तो कुडता घालून कुणाला दिवसभर हात खांद्याच्या वर न्यायचा नसतो. चौबगळा घातल्यावर मी पन्नास घाव मारले, शिवण हलली नाही. मग आईच्या लक्षात आलं की कमरेला दोर आवळला की सदरा वर चढतो, म्हणून तिने लांबी चार बोटं वाढवली आणि बाजूच्या चिरा मांडीपर्यंत सोडल्या. चाळीसही सदरे तसेच बेतले. मुलांचे आणि मुलींचे. मापं वेगळी होती, बेत एकच होता.

आपला गणवेश तेव्हा असा ठरला, ढोल कमरेला बांधून.

त्यावर फेटा आला. मुलींच्याही डोक्यावर आला. त्या पहिल्या वर्षी परळच्या कारखान्यातून मूर्ती घेऊन आपण निघालो होतो. भारतमाता सिनेमाच्या नाक्यावर एक बाई चार-पाच वर्षांच्या लेकीला कडेवर घेऊन उभी होती. ती माझ्याकडे बोट करून तिला सांगत होती, “ते बघ, तो ढोल वाजवतोय ना, ती मुलगी आहे.” फेटा, धूळ, घाम यांत त्या छोटीला ते कळत नव्हतं. मी हसले तेव्हा तिला कळलं. पुढचा पूर्ण नाका ती मान वळवून माझ्याकडेच बघत होती. मी त्या दिवशी जे वाजवलंय तसं नंतर क्वचितच वाजलं.

नव्या नियमावलीत मुलींचा फेटा गेला आहे. ‘मुलींनी फेटा बांधू नये, केस मोकळे सोडून गजरा माळावा.’ नियम क्रमांक पाच. आपल्या भाषेत एखाद्याची पगडी उतरवणं म्हणजे काय, हे तुम्हाला मी सांगायला नको.

त्याशिवाय मुलींना शिवलेली तयार नऊवारी, ती ‘सेमी पैठणी’चीच, मागे दोरी असलेला ब्लाउज, नथ, ठुशी, दोन्ही हातांत काचेच्या बांगड्या, मेकअप. कानात बोळे घालायचे नाहीत कारण ते ‘फोटोत दिसतात’. पायात कोल्हापुरीच. पहिल्या दोन ओळींत ‘शोभून दिसणाऱ्या’ मुली, आणि त्यांची निवड सादरीकरण समिती करणार. पूर्ण संचाचे मुलींना ४,२०० आणि मुलांना २,६०० रुपये, तेही १५ तारखेच्या आत. नाही भरले तर यंदा वादन नाही.

कापडापासून सुरुवात करते, कारण ते माझं रोजचं काम आहे. नियमावलीबरोबर कापडाचा जो फोटो आला तो झुळझुळीत पॉलिएस्टरचा आहे. कापसाचा धागा आपल्या वजनाच्या साधारण साडेआठ टक्के ओलावा धरतो. पॉलिएस्टरचा धागा अर्धा टक्काही धरत नाही. भाद्रपदात मुंबईची हवा आधीच ओलीचिंब असते, घाम सहज वाळत नाही. त्यात अंगाला हे कापड चिकटलं की घाम आतच साचतो आणि अंगातली उष्णता बाहेर पडायचा मार्ग बंद होतो. खेळाडूंचे कपडेही पॉलिएस्टरचे असतात असं कुणी म्हणेल. ते वेगळ्या विणीचे, सच्छिद्र असतात. अस्तर लावलेल्या, जरीकाठाच्या दाट साडीची ती गोष्ट नव्हे. माझा ढोल मी घरच्या काट्यावर ठेवून बघितलाय, नऊ किलो भरतो. नऊ किलो पोटावर बांधून पाच-सहा तास हात चालवणाऱ्या माणसाला आपण हे कापड नेसवणार आहोत. आणि मिरवणुकीत फटाके असतात. ठिणगीने सूतही पेटतं, पण पॉलिएस्टर वितळतं आणि कातडीला चिकटून बसतं. प्रयोगशाळेत हे मी चिमट्यात धरलेल्या तुकड्यावर पाहते. माणसाच्या अंगावर मला ते पाहायचं नाही.

आता नऊवारीबद्दल. हे जरा सविस्तर लिहिते, कारण यावर बोललं की ‘तुम्हाला आपली संस्कृती नको’ असं लगेच ऐकावं लागतं.

माझी आजी आयुष्यभर सुती लुगडं नेसली. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटर कापड. त्यात एक टाका नाही, एक पिन नाही. काष्टा असा घट्ट की ती त्यात गावी भाताची लावणी करायची, डोक्यावर दोन हंडे घेऊन घाटी चढायची, आणि मुंबईत आल्यावर चाळीच्या नळावर भांडायलाही मागे हटायची नाही. आपल्या कोळीणी आजही गुडघ्यापर्यंत आवळून नेसतात आणि ससून डॉकवर पाट्या उचलतात. नऊवारी हा कष्टाचा पोशाख आहे. नेसणारीच्या अंगाप्रमाणे आणि कामाप्रमाणे तो दर सकाळी नव्याने बेतला जातो. पहिल्या वर्षी आईने चौबगळा बसवला तेव्हा तिने जे केलं, तेच आजी रोज निऱ्या खोचताना करत होती.

तुम्ही जी सांगता ती नऊवारी वेगळी आहे. ती पायजम्यासारखी चढवायची, चेन ओढायची आणि इलॅस्टिकवर भरवसा ठेवायचा. तिचा काष्टा नुसता दिसायला असतो, मागे दोन टाके घालून लावलेला. पाय फाकवून वाकायचं, ढोल वर उचलायचा, बसून उठून वाजवायचं यासाठी ती बेतलेलीच नाही. ज्यांना खरी नऊवारी नेसून वाजवता येते अशा दोघी-तिघी आपल्याकडे आहेत. त्यांनी जरूर नेसावी, मी त्यांच्या निऱ्या धरायला येईन. गिरगावात पाडव्याच्या शोभायात्रेत फडके मंदिरापासून ज्या बायका नऊवारीत निघतात त्या मला फार आवडतात. त्या हौसेने नेसतात. सक्तीने नेसणं ही निराळी गोष्ट आहे.

आणि गेल्या वर्षीचा आगमन सोहळा आठवा. ‘फक्त एकदाच, मंडळाची इच्छा आहे’ म्हणून आम्ही पहिल्या दोन ओळींतल्या सोळा जणींनी तयार नऊवारी चढवली होती. चारच्या सुमारास पाऊस कोसळला. माझ्या उजवीकडे जी होती ती अठरा वर्षांची, पहिलंच वर्ष. तिच्या ढोलाच्या कडीत काष्ट्याचं टोक अडकलं. तिने हात वर नेला आणि मागचे दोन्ही टाके सुटले. भिजलेली साडी ढोलाच्या वजनाने खाली ओढली जाऊ लागली. तिचे दोन्ही हात ढोलात गुंतलेले. दोन्ही बाजूंना माणसांच्या भिंती आणि प्रत्येक हातात वर धरलेला मोबाइल. ती रडली नाही, ओरडली नाही, फक्त माझ्याकडे बघत होती. आम्ही काय केलं ते तुम्हाला पुढून दिसलं नसेल. सात जणी वाजवत वाजवत वळलो, ढोल बाहेरच्या बाजूला केले आणि तिच्याभोवती कडं केलं. आतमध्ये एकीने आपल्या फेट्याचा कपडा (तिने तो हट्टाने पिशवीत ठेवला होता) तिच्या कमरेला गुंडाळला आणि दोर पुन्हा आवळला. दोन आवर्तनं आम्ही कडं सोडलं नाही. बाहेर लोक टाळ्या वाजवत होते, त्यांना वाटलं हा नवीन प्रकार आहे. रात्री त्याच कड्याची रील पथकाच्या सोशल मीडियाच्या पानावर चढली, खाली लिहिलं होतं ‘आमच्या वाघिणी’.

ती मुलगी यंदा सरावाला आलेली नाही.

त्या रात्री मी तुम्हाला फोन करून हे सगळं सांगितलं होतं, दादा. तुम्ही म्हणालात, “पुढच्या वर्षी नीट शिवून घेऊ.” मला वाटलं प्रश्न मिटला. मिटला नाही, तो सोळा जणींवरून सगळ्यांवर गेला.

बाकीच्या गोष्टी भराभर सांगते. काचेच्या बांगड्या टिपरूच्या हातात नकोत. दोन वर्षांपूर्वी ढोलाच्या कड्यावर आपटून माझ्या बांगडीचा तुकडा मनगटात गेला होता, ढोलाच्या पानावर, म्हणजे ज्यावर घाव मारतो त्या पडद्यावर, रक्ताचे थेंब पडले आणि ते पुसून मी पुढे वाजवलं. मोकळे केस ताशाच्या पट्ट्यात आणि ढोलाच्या दोरीत अडकतात. ओली कोल्हापुरी पेव्हर ब्लॉकवर सरकते आणि मुंबईचे रस्ते गणपतीच्या महिन्यात कसे असतात ते मी लिहायला नको. मागे दोरीचा ब्लाउज घालून आगमनाच्या गर्दीत उतरायचं म्हणजे काय, हे समितीतल्या कुणीतरी आपल्या बहिणीला विचारावं.

एक गोष्ट आपल्याकडे कुणी मोठ्याने बोलत नाही. सहा तासांच्या मिरवणुकीत मुलींना लघवीला जायला जागा नसते. सदरा-सलवारीत असताना वाटेतल्या एखाद्या चाळीत, ओळखीच्या घरी पाच मिनिटांत जाऊन येता यायचं. चेनच्या नऊवारीत ते जमत नाही, म्हणून गेल्या वर्षी आम्ही सकाळपासून पाणीच प्यायलो नाही. तिघींना नंतर लघवीच्या जळजळीचं औषध घ्यावं लागलं. पाळीच्या दिवसांत पांढरी सलवार नको, गडद रंगाची द्या, अशी लेखी विनंतीही आम्ही तीन वर्षांपूर्वी केली आहे. त्या कागदाचं काय झालं ते आजवर कळलेलं नाही.

कानातल्या बोळ्यांवरची बंदी तर मला अजिबात कळली नाही. ८५ डेसिबलच्या आवाजात आठ तास ही कानांच्या सुरक्षिततेची मर्यादा मानली जाते आणि आवाज वाढत गेला की हा वेळ झपाट्याने कमी होतो. ताशांच्या मागच्या ओळीत आपण त्याच्या कितीतरी वर असतो. आतल्या कानातल्या ऐकण्याच्या पेशी एकदा गेल्या की पुन्हा उगवत नाहीत. आपला सर्वांत जुना ताशेवाला आज समोरून हाक मारली तरी ‘काय?’ म्हणतो, आणि तो अजून चाळिशीचाही नाही. बोळे फोटोत दिसतात हे खरं असेल. दिसू देत.

‘शोभून दिसणाऱ्या’ मुलींबद्दल लिहिताना हात थरथरतो. आपल्याकडे एक जण आहे, तिचं नाव लिहीत नाही पण तुम्हाला लगेच कळेल. तिच्याइतका स्वच्छ हात पथकात दुसऱ्या कुणाचा नाही. लय पळायला लागली की ताशेसुद्धा तिच्या ठोक्याकडे कान लावतात. सात वर्षं ती पहिल्या ओळीत मधोमध उभी आहे, कारण तिथे लय धरणारं माणूस लागतं. तिला सोमवारी रात्री स्वतंत्र मेसेज आला, यंदा तू पाचव्या ओळीत. तिने कारण विचारलं तर सांगितलं की तयार साडी एक्सएलच्या पुढे मिळत नाही. साडीच्या मापात माणूस बसत नाही म्हणून माणूस मागे! नऊ वारांचं न शिवलेलं लुगडं कुठल्याही बाईला बसतं. ते शिवून आपण त्याला माप आणलं आणि त्या मापाने आता मुली मोजतो आहोत.

पैशाचं. आपल्या पथकात कॉलेजची मुलं आहेत, घरोघरी पार्सल पोहोचवणारी आहेत, दोघी जणी स्वयंपाकाची कामं करून सरावाला येतात. कुणीही इथे मानधन घेत नाही, सुपारीचे पैसे वाद्यांना, टेम्पोला आणि वर्षभराच्या सामाजिक कामाला जातात, याचा मला अभिमान आहे. मागचा सदरा-सलवारीचा संच ६५० रुपयांत झाला होता आणि तो चार वर्षं टिकला. माझ्या माहितीतल्या सात जणांनी यंदा ४,२०० किंवा २,६०० भरता येणार नाहीत म्हणून नाव काढून घ्यायचं ठरवलं आहे. त्यांनी तुम्हाला सांगितलेलं नाही, लाज वाटते म्हणून. २०२४ साली पुण्याच्या पथकांवर राष्ट्रीय हरित लवादाने तीस वादकांची मर्यादा घातली आणि सर्वोच्च न्यायालयाने ती स्थगित केली, तेव्हा आपण सरावाच्या मैदानात पेढे वाटले होते. एकही वादक कमी होता कामा नये, असं तुम्हीच तेव्हा म्हणाला होता, दादा. ते सात जण त्यातलेच आहेत.

तुमची बाजू मला माहीत आहे आणि ती खोटी नाही. मंडळं आता सुपारी देताना विचारतात, “मुली नऊवारीत असतील ना? पुढे असतील ना?” पथकं वाढली, प्रत्येकाला वेगळं दिसायचं आहे, आणि रील चालली की पुढच्या वर्षीची सुपारी पक्की. टेम्पोचं भाडं, ढोलाच्या पानांचे भाव, सरावाच्या जागेसाठी वणवण, हे तुम्ही कसं निभावता ते मी जवळून पाहिलंय. पावसात ताडपत्री धरून रात्रभर वाद्यांजवळ बसलेलं मी तुम्हाला पाहिलंय. म्हणूनच तुमच्याशी भांडते आहे. परक्या माणसाशी मी भांडले नसते, सरळ निघून गेले असते.

पण मंडळांना नाही म्हणता येतं. दादरला शिवाजी पार्कवर १ मेच्या संचलनात महिला पोलिसांची तुकडी बघा. पुरुषांसारखाच खाकी शर्ट, पँट, बूट. त्या तुकडीला पाहून कुणाला वाटत नाही की या बायका कमी मराठी आहेत किंवा कमी देखण्या आहेत. अख्खी ओळ एका पावलात जाते तेव्हा अंगावर काटा येतो, तो त्या पावलाचा असतो. २०२५ साली राज्य सरकारने सार्वजनिक गणेशोत्सवाला राज्य महोत्सवाचा दर्जा दिला. मंडळांच्या पदाधिकाऱ्यांना माझी हात जोडून विनंती आहे, सुपारी देताना पथकाचे हात ऐका, लय ऐका, शिस्त बघा. आमच्या अंगावर काय असावं हे कृपा करून सुपारीत धरू नका.

आता मागण्या. त्या माझ्या एकटीच्या नाहीत, खाली एकवीस जणांनी माझ्याबरोबर संमती दिली आहे, त्यात आठ मुलगे आहेत.

नियमावली मागे घ्यावी आणि वाद्यपूजनाच्या आधी सगळ्या वादकांची बैठक बोलवावी. गणवेश समितीत निम्म्या मुली असाव्यात आणि त्यात किमान दोघी रोज ढोल बांधणाऱ्या असाव्यात.

मुलामुलींचा गणवेश एक असावा. सुती सदरा, गडद सलवार, फेटा. ज्या मुलीला लुगडं नेसून वाजवायचं आहे तिला मोकळीक असावी, सक्ती कुणालाही नसावी. बांगड्या, नथ, ठुशी, मेकअप हे नियमांतून काढून टाकावं. केस बांधलेलेच असावेत, हा नियम मात्र जरूर ठेवा, मुलांनाही लावा.

ओळ हातावरून ठरावी. पूर्वी ठरायची तशी, सरावात, सगळ्यांसमोर.

कानात बोळे घालायला नुसती परवानगी नको, त्याची सक्तीच हवी, निदान ताशांना आणि त्यांच्या मागच्या दोन ओळींना. पायात पकड असलेले एका रंगाचे बूट चालावेत.

गणवेशाचा खर्च एका माणसामागे हजार रुपयांच्या आत बसवावा आणि ज्याला तोही जड जातो त्याचा पथकाने भरावा, नाव जाहीर न करता. टेम्पोत जास्तीची दहा उपरणी आणि चार सदरे ठेवावेत. हे मी स्वतः बघेन.

मिरवणुकीच्या मार्गावर मुलींसाठी स्वच्छतागृहाची सोय कुठे आहे हे सुपारी घेतानाच मंडळाला विचारावं आणि करारात लिहून घ्यावं.

आणि पहिल्या ओळीतून काढलेल्या आमच्या त्या मैत्रिणीची कार्यकारिणीने भेट घेऊन माफी मागावी. गेल्या वर्षी साडी सुटलेल्या मुलीच्या घरीही जावं. तिचा पत्ता माझ्याकडे आहे, मी तुमच्याबरोबर येईन. तिच्या कड्याची ती रील आजच्या आज काढून टाकावी. ही एवढी एक गोष्ट बैठकीपर्यंत थांबवू नका.

आईला मी हे पत्र वाचून दाखवलं. तिची नजर आता पूर्वीसारखी राहिली नाही, सुईत दोरा मी ओवून देते. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि विचारलं, “माणशी अडीच मीटर धरलं तर एकूण किती लागेल?” दादरच्या हिंदमाताला एका ओळखीच्या कापड व्यापाऱ्याकडे धुतलेलं सुती कापड ताग्यावर मिळतंय, मी शनिवारी जाऊन नमुना आणला आहे. एक सदरा शिवून तयार आहे, चौबगळ्यासकट. रविवारी सकाळी सात वाजता तो घालून, डोक्याला फेटा बांधून मी सरावाला येते आहे. आमच्या पहिल्या ओळीतल्या मैत्रिणीचं माप घ्यायला टेपही आणते.

तुमच्या लेखी उत्तराची वाट बघते.

आपली,
ढोलवादक, तिसरी ओळ, डावीकडून चौथी
लालबाग, मुंबई